परक्या रानातली पत्री

रानात माणूस एकटा केव्हा असतो? भोवताली दुसरे कोणी नसले म्हणजे, असे उत्तर कोणीही देईल. पण ते पुरते खरे नाही. ज्याला झाडांची नावे ठाऊक असतात, तो निर्जन रानातही एकटा नसतो. पावलोपावली त्याला कोणी ना कोणी ओळखीचे भेटत असते. ज्याला ती ठाऊक नसतात, तो मात्र फुलांनी बहरलेल्या रानातूनही गर्दीतल्या परक्या माणसासारखा चालत राहतो.

आजीचे तसेच झाले होते.

राजापूर तालुक्यातील एका खेड्यात तिचे सारे आयुष्य गेले. घरामागच्या डोंगरातील करवंदाची कोणती जाळी गोड, कोणत्या वाटेवर कुडा फुलतो आणि कोणत्या वळणावर आघाडा मिळतो, हे तिला डोळे मिटूनही सांगता आले असते. भाद्रपद लागला की ती पहाटेस परडी घेऊन सड्यावर जाई आणि गणपतीच्या पूजेसाठी एकवीस प्रकारची पत्री गोळा करून आणी. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून हा नेम कधी चुकला नव्हता.

गेल्या वर्षीच्या वैशाखात आजोबा गेले. वर्षश्राद्ध होईपर्यंत आजी त्या मोठ्या घरात एकटीच राहिली. मग तिचा मुलगा श्रावणात येऊन तिला आपल्याबरोबर ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी घेऊन गेला. घरचा गणपती चुलत दिरांकडे सोपवला गेला. घराला कुलूप लागले. त्या कुलपाची किल्ली आजीने कमरेला खोचली, ती सिडनीत पोहोचल्यावरही काढून ठेवली नाही.

नव्या घरात कशाची उणीव नव्हती. तरीही आजी हळूहळू बोलेनाशी झाली. कोणी काही विचारले तर ती उत्तर देई, पण आपण होऊन काही बोलत नसे. दुपारभर ती खिडकीशी बसून रस्त्याकडे पाहत राही. एके रात्री वडील आईला हलक्या आवाजात म्हणाले, "गणपती झाले की परत जाते म्हणते. तिथे एकटी कशी राहणार?"

शेजारच्या खोलीत नातू अजून जागा होता. तो अकरा वर्षांचा होता. आजी आपल्या घरी कायमची राहणार म्हणून सर्वांत अधिक आनंद त्याला झाला होता. तिला थांबवावे कसे, हे त्याला कळेना. पुष्कळ विचार केल्यावर त्याला एकच गोष्ट सुचली. आजीला रान आवडते. तर तिला रानात न्यावे. गणेश चतुर्थीच्या आधीच्या रविवारी त्याने वडिलांकडे हट्ट धरला आणि तिघे आगगाडीने निघाले.

सिडनीच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर समुद्रकाठी रॉयल राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर फुलांचे वाफे आणि कारंजी डोळ्यांपुढे येतात. हे उद्यान तसे नव्हे. सुमारे १५,००० हेक्टरांचे ते एक रानच आहे. १८७९ साली ते लोकांसाठी राखून ठेवण्यात आले. जगातील सर्वांत जुन्या राष्ट्रीय उद्यानांत त्याची गणना होते. त्याच्या पूर्वेच्या कडेने, कड्यांवरून आणि पुळणींवरून, २६ किलोमीटरांची एक पायवाट जाते. तिच्या दक्षिण टोकाला ओटफर्ड नावाचे लहानसे स्टेशन आहे. तेथे उतरून वाटेचा थोडासाच भाग चालायचा, असे ठरले होते.

स्टेशनापासून चढण चढून तिघे कड्यावर आले, आणि एकाएकी समोर प्रशांत महासागर उलगडला. खाली खडकांवर लाटा फुटत होत्या. वारा खारट होता. आजी क्षणभर थांबली. समुद्र तिच्या ओळखीचा होता. पण तिच्या गावी तो पश्चिमेला असे आणि सूर्य त्यात मावळत असे. येथे तो पूर्वेला होता आणि सूर्य त्यातून वर आला होता.

"इथे सगळंच उलटं," ती पुटपुटली.

ते खरेच होते. तिच्या गावी या दिवसांत पाऊस ओसरू लागतो. येथे हिवाळा नुकताच सरून वसंत येत होता. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात ऋतूंची चाल अशीच उलटी असते. पण एका बाबतीत दोन्हीकडे सारखेपणा होता. भाद्रपदात कोकणचा सडा फुलतो, आणि त्याच दिवसांत सिडनीच्या समुद्रकाठचे रानही फुलते.

वाट विरळ रानात शिरली. उंच झाडांची गर्दी येथे नव्हती. निलगिरीच्या जातीची झाडे दूर दूर उभी होती आणि त्यांच्या मधून ऊन सरळ जमिनीपर्यंत येत होते. त्या उन्हात झुडपे फुलली होती. कुठे पिवळ्या गोंडेदार फुलांनी लवलेली बाभळीच्या कुळातील वॉटल, कुठे उडदामुगाच्या फुलांच्या आकाराची पिवळी-तांबडी फुले, कुठे पांढऱ्या चिमुकल्या फुलांची टी-ट्री, कुठे चार पाकळ्यांची गुलाबी बोरोनिया. नातू वही काढून एकेकाचे नाव सांगत होता. शाळेत त्याला ती शिकवली होती. आजी ऐकत होती. पण ही नावे तिच्या कानावरून वाऱ्यासारखी निघून जात होती.

एका झाडापाशी मात्र ती थबकली. तिने खोडावर हात ठेवला आणि मान वर करून लांबट पानांकडे पाहिले.

"ही निलगिरी ना? आमच्या रस्त्याला आहे ही."

"हो, आजी! पण ती मूळची इथलीच. इथूनच तिचं बी तिकडे गेलं," नातू उत्साहाने म्हणाला.

त्याचे म्हणणे बरोबर होते. निलगिरीच्या शेकडो जाती मूळच्या ऑस्ट्रेलियातल्याच. एकोणिसाव्या शतकात त्यांतील काही भारतात लावण्यात आल्या, आणि तेथील नीलगिरी पर्वतावरून मराठीत या झाडाचे नाव पडले.

"रुजली खरी तिकडे," आजी म्हणाली. "पण आमच्या रानातली ती कधी झाली नाही. वाटेच्या कडेलाच उभी राहिली." एवढे बोलून ती पुढे चालू लागली. वडिलांनी तिच्याकडे पाहिले आणि नजर वळवली.

पुढे एका खोडाची साल काळी पडलेली दिसली. हे रान वणव्यांचे रान आहे. १९९४ सालच्या जानेवारीत येथे असा वणवा लागला की उद्यानाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग जळून गेला. त्या वेळी ज्यांनी ही राख पाहिली, त्यांना येथे पुन्हा फूल दिसेल असे वाटले नसेल. पण येथील झाडे आगीशी झुंजायला फार पूर्वीच शिकली आहेत. उसाच्या कांडीला जसे डोळे असतात, तसे निलगिरीच्या जाड सालीखाली कोंबांचे डोळे निजलेले असतात. शेंडा जळाला की ते जागे होतात आणि काळ्या खोडावर हिरवी पालवी फुटते.

बँक्सियाची तऱ्हा आणखी वेगळी. १७७० साली कॅप्टन कुक यांच्या जहाजातून आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांच्यावरून या झुडपाला हे नाव मिळाले. त्यांनी जेथे झाडे गोळा केली, तो उपसागर या उद्यानाच्या उत्तरेस जवळच आहे. बँक्सियाचे फूल म्हणजे शेकडो बारीक फुलांचे उभे कणीस. फुले वाळली की त्या कणसावर लाकडासारखे कठीण ओठ तयार होतात आणि त्यांच्या आत बी असते. या कुळातील कित्येक जातींचे ओठ वर्षानुवर्षे मिटलेले राहतात. वणव्याची धग लागली की ते उघडतात, आणि मोकळ्या झालेल्या राखेच्या जमिनीवर बी पडते.

नातवाने हे सारे समजावून सांगितले. आजीने ते वाळके, मिटलेले कणीस बोटांनी चाचपून पाहिले.

"म्हणजे सगळं जळून गेल्यावर याचं दार उघडतं म्हणायचं," ती हळूच म्हणाली. तिचा हात नकळत कमरेच्या किल्लीकडे गेला.

वाटेच्या एका वळणावर तलवारीसारख्या लांब पानांचा मोठा झुबका होता. त्याच्या मधून दोन पुरुष उंचीचा एक दांडा सरळ वर गेला होता आणि त्याच्या टोकाला मुठीएवढी तांबूस कळी मिटलेली होती. "ही गायमिया लिली," नातू म्हणाला. गायमिया हे नाव येथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले आहे. बँक्स यांच्या जहाजाने या किनाऱ्याला नांगर टाकण्याच्या हजारो वर्षे आधीपासून धारावल लोक येथे राहत होते. त्यांना येथील झाडाझाडाची ओळख होती. हे रान निनावी असे कधीच नव्हते.

"ही कधी उमलेल?" आजीने विचारले.

"अजून महिनाभरानं. मग लालभडक फुलांचा हा एवढा गेंद होतो!" नातवाने दोन्ही हात पसरून दाखवले.

"महिनाभरानं," आजी म्हणाली आणि गप्प झाली. महिनाभराने आपण येथे नसू, हे तिच्या मनात आले. नातवाच्याही मनात तेच आले.

थोडे पुढे गेल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुले दिसू लागली. फ्लॅनेल फ्लॉवर म्हणतात ती हीच. तारकेसारखा आकार, लोकरीच्या कापडासारखा मऊ स्पर्श आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला हिरवट छटा. पाकळ्या म्हणून जे दिसते, त्या खरे तर पाकळ्या नव्हेत. मधल्या गोल गुच्छातील कण म्हणजेच खरी फुले. आणि मौज अशी की, हे फूल आपल्या कोथिंबिरीच्या कुळातले. ऊन त्या फुलांवर पडले होते आणि वाऱ्याने सारा उतार हलत होता.

आजीच्या चेहऱ्यावर प्रथमच काही उजळल्यासारखे दिसले. परवा गणपती बसणार होते. या घरातला तो पहिला गणपती. पूजेला पत्री नाही, रानातले एक फूल नाही, ही रुखरुख तिच्या मनात कित्येक दिवस होती. ती वाकली. जन्मभराच्या सवयीने तिच्या बोटांनी देठ धरला.

"आजी, नको! तोडू नको!"

नातू इतक्या मोठ्याने ओरडला की पुढे गेलेले एक वृद्ध जोडपे मागे वळून पाहू लागले. आजीने हात मागे घेतला, जणू तो भाजला होता.

"इथे फूल तोडायला बंदी आहे," नातू म्हणाला. आवाज किती चढला ते आता त्याचे त्यालाच कळले होते.

"देवासाठीसुद्धा नाही?"

नातवाला उत्तर सुचेना. कायद्याने या उद्यानातील फूल, पान, दगड काहीही नेता येत नाही, एवढेच त्याला माहीत होते. "कुणासाठीच नाही," तो कसाबसा म्हणाला.

आजी काही बोलली नाही. वाटेच्या कडेला एक सपाट खडक होता, त्यावर ती जाऊन बसली आणि समुद्राकडे पाहू लागली. वडिलांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवला. पण त्यांनाही काय बोलावे हे कळेना. नातवाला रडू येऊ लागले. आजीला थांबवण्यासाठी म्हणून तो तिला येथे घेऊन आला होता, आणि त्यानेच तिला सर्वांदेखत दटावले होते. खाली मान घालून तो त्या फुलाशेजारी बसला आणि वहीत त्याचे चित्र काढू लागला. फूल नेता येत नाही, तर निदान त्याचे चित्र तरी आजीला द्यावे, असे त्याला वाटले.

बऱ्याच वेळाने आजी उठली आणि त्याच्याजवळ आली.

"देठाला बारीक लव आहे. ती नाही काढलीस," ती म्हणाली.

नातवाने वर पाहिले, मग फुलाकडे पाहिले. खरेच, देठाला लव होती. इतका वेळ तो फुलाकडे पाहत होता; पण ती त्याला दिसली नव्हती.

"पाने भोपळ्यासारखी की कोथिंबिरीसारखी, ते आधी बघावं. मग देठ बघावा. मग वास. फूल सगळ्यांत शेवटी," आजी म्हणाली. "फूल आठ दिवसांचं असतं. झाड बाराही महिने ओळखता आलं पाहिजे."

तेथून पुढची चाल निराळी झाली. नातू नाव सांगे आणि आजी पाहायला शिकवी. एका झाडाच्या फांद्यांवर हिरव्या सुयांसारखे बारीक धागे लोंबत होते. आजीने ते ओढून पाहिले नाही, नुसते बोटांवर घेतले आणि म्हणाली, "हा तर आपल्या पुळणीवरचा सुरू!" तो सुरू नव्हता, पण सुरूच्याच कुळातला शी-ओक होता. वारा आला की त्याच्या धाग्यांतून सुरूच्या बनासारखीच सूं सूं ऐकू येई. मग आजीने पायाखालची माती चिमटीत घेतली. ती भुरकट वाळू होती.

"किती हलकी माती ही! आणि तरी एवढी फुलं!" पण लगेच तिला आठवले. "आमच्या सड्यावरही असंच. वीतभर माती नसते कातळावर. भात होत नाही तिथे. पण भाद्रपदात बघावं, तेरडा काय, सीतेची आसवं काय, पाय ठेवायला जागा नसते."

तिने जे सहज म्हटले, त्यात मोठे तथ्य होते. या कड्यावरची माती वालुकाश्मापासून झालेली. तीत स्फुरद फार थोडे. अशा नापीक जमिनीत एखादे बळकट झाड सारी जागा बळकावून बसू शकत नाही. त्यामुळे थोडक्यात भागवणाऱ्या अनेक लहान झुडपांना वाव मिळतो. बँक्सिया आणि तिचे भाऊबंद तर केसांच्या झुबक्यांसारखी बारीक मुळे पसरून मातीतला कण न् कण वेचतात. जमीन गरीब, म्हणूनच फुलांची ही श्रीमंती.

वाट आता उतरू लागली. वारा पडला. ऊन विझत गेल्यासारखे झाले. झाडे एकमेकांजवळ सरकली आणि शंभर पावलांच्या आत सारे रानच बदलून गेले. दिवाणखान्यातून एकदम माजघरात यावे, तसे वाटले. वरच्या रानात उजेड, वारा आणि रंग होते. येथे सावली, ओल आणि नाना तऱ्हांचा हिरवा रंग होता. उतारावरच्या या भागात वालुकाश्म संपून त्याखालच्या खडकाची सुपीक माती लागते. कडा वारा अडवतो. समुद्राकडून ओलावा येतो आणि वणवा सहसा येथवर पोहोचत नाही. म्हणून या घळीत वर्षावन वाढले आहे.

उंच, सडपातळ ताडांसारखी झाडे रांगेने उभी होती. त्यांची पाने पंख्यासारखी होती आणि ती एकमेकांवर घासून वर खसखस होत होती. यांना कॅबेज-ट्री पाम म्हणतात. धारावल लोक त्यांच्या पानांच्या टोपल्या विणत. पुढे युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी त्याच पानांच्या रुंद काठाच्या टोप्या विणल्या. खोडांना वेलींनी विळखे घातले होते. खडकांवर नेचे आणि शेवाळ होते. कुठून तरी चाबूक ओढल्यासारखा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ दोन बारीक शिट्या. तो व्हिपबर्डचा आवाज. नराने चाबूक ओढावा आणि मादीने उत्तर द्यावे, अशी त्यांची रीत.

आजीने पायातले बूट काढले.

"आई, अगं जळवा असतील इथे," वडील म्हणाले.

"जळवांना मी ओळखते," आजी म्हणाली. तिने बूट एका हातात घेतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि अनवाणी पुढे गेली. पालापाचोळा मऊ आणि गार होता. थोडे चालून ती उभी राहिली. भोवतालच्या काळोख्या हिरव्या शांततेकडे तिने पाहिले.

"देवराई आहे ही," ती म्हणाली.

"देवराई म्हणजे काय, आजी?"

"म्हणजे देवाचं रान. आमच्या गावाबाहेर आहे. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही. हिरवं पान तोडायचं नाही. वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. माझ्या सासूबाई पत्रीसाठी डोंगरभर हिंडत, पण देवराईत कधी हात लावत नसत. मी नवी होते, तेव्हा एकदा विचारलं, देवाचंच रान ना, मग देवासाठी का नाही घ्यायचं? तर म्हणाल्या, तिथलं पान देवाला वाहिलेलंच आहे. वाहिलेलं पुन्हा कसं वाहणार?"

ती नातवाकडे वळली आणि तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"मघाशी मला थांबवलंस ते बरं केलंस, बाळ. मी विसरले होते."

नातवाच्या मनावरचे ओझे एकदम उतरले. कायद्याची पाटी जे सांगत होती, तेच आजीच्या सासूबाई किती तरी वर्षांपूर्वी सांगून गेल्या होत्या. दोन देशांत, दोन भाषांत, एकच नियम होता. माणसाने सगळ्याच गोष्टींवर हात ठेवू नये. काही गोष्टी नुसत्या पाहण्यासाठी आणि राखण्यासाठी असतात.

वाटेवर बोराएवढी फिकट जांभळी फळे पडली होती. हंगाम संपत आला होता, त्यामुळे ती थोडीच होती. आजीने आधी फळाकडे पाहिले नाही. तिने झाडाकडे पाहिले. समोरासमोर आलेली चकचकीत पाने, त्यांची कडेने गेलेली बारीक शीर, फांद्यांची ठेवण. तिने एक पान जागच्या जागी उलटून पाहिले. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि मग तिचे डोळे विस्फारले.

"ही जांभळीतली आहे," ती म्हणाली.

"नाही गं आजी, ही लिली-पिली. आमच्या शाळेच्या कुंपणाला लावली आहे."

"नाव काही असो. पान जांभळीचं आहे."

वडिलांनी खिशातून मोबाइल काढून शोध घेतला. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "आई, तुझंच बरोबर. शास्त्रज्ञांनी दोघींना एकाच प्रजातीत बसवलं आहे. सिझिजियम तिचं नाव. जांभूळही सिझिजियम आणि ही लिली-पिलीही. आणखी ऐक. ही सगळी प्रजाती मुळात ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या बाजूला जन्मली आणि इथून पुढे आशियात पसरली, असं ते मानतात."

आजीने ते ऐकले. एकदा त्या झाडाकडे आणि एकदा आपल्या मुलाकडे पाहिले. मग ती हसली. सिडनीला आल्यापासून तिला हसताना नातवाने पाहिले नव्हते.

"म्हणजे आमच्या जांभळीचं हे माहेर की रे!"

तिने त्या खोडाला टेकून थोडा वेळ विसावा घेतला. लेकीच्या माहेरी आल्यावर एखादी बाई जशी निवांत टेकून बसते, तशी ती बसली होती. वडीलही शेजारी बसले. लहानपणी आईबरोबर पत्रीला गेल्यावर आपण आघाडा म्हणून दुसरेच काही तोडून आणले होते आणि बोलणी खाल्ली होती, ती गोष्ट त्यांनी नातवाला सांगितली. इतक्या वर्षांत हे रान घरापासून तासाभराच्या अंतरावर होते. पण त्यांना येथे यायला कधी सवड झाली नव्हती.

परतीच्या आगगाडीत आजीने नातवाची वही मागून घेतली. पान उलटून ती चित्रे मोजू लागली. फ्लॅनेल फ्लॉवर, बँक्सिया, शी-ओक, वॉटल, बोरोनिया, पंख्याच्या पानांचा ताड, नेचा, लिली-पिली. काही चित्रे वेडीवाकडी होती. पण देठ, पान आणि शिरा नीट काढल्या होत्या.

"एकोणीस," आजी म्हणाली. "दोन कमी पडतात."

चतुर्थीच्या दिवशी पहाटे नातवाला जाग आली तेव्हा आजी परसात वाकून काही खुडत होती. सिडनीच्या अंगणात जे गवत हिरवळ म्हणून लावतात, त्यात हरळीही असते. आणि हरळीचे कोवळे तीन पात्यांचे कोंब म्हणजेच दूर्वा. इतके दिवस त्या हिरवळीवरून सगळे चालत होते, पण ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. कुंपणाशी लाल जास्वंद फुलली होती. तिचे एक फूल आणि दोन पाने आजीने परडीत ठेवली.

"झाली एकवीस," ती म्हणाली.

पूजेच्या वेळी आजीने दूर्वांची जुडी आणि जास्वंद गणपतीला वाहिली. मग तिने नातवाची वही उघडून मूर्तीपुढे पाटावर ठेवली आणि एकेका चित्रावर अक्षता वाहिल्या. तिचे उच्चार अडखळत होते. बँक्सिया, बोरोनिया, लिली-पिली. नातू शेजारी बसून हळूच नाव सांगे आणि आजी ते पुन्हा म्हणे. कड्यावरच्या उन्हात आणि घळीतल्या सावलीत ती पाने त्या वेळीही आपापल्या देठांवर हलत असतील, हे दोघांनाही ठाऊक होते.

दीड दिवसांनी विसर्जन झाले. "पुढच्या वर्षी लवकर या," असे सर्वांनी म्हटले. रिकाम्या पाटाकडे पाहून घर नेहमीसारखे उदास झाले. आता आजी जाण्याचा विषय काढील, या भीतीने नातू तिच्याजवळून हलेना.

आजी बराच वेळ स्वस्थ बसून होती. मग तिने विचारले, "ती उंच दांड्यावरची कळी कधी उमलेल म्हणालास?"

"गायमिया? महिनाभरानं."

"वहीत ती राहिलीच," आजी म्हणाली. "उमलली म्हणजे पुन्हा जाऊ."